कॉकाटीलचे एसजीओटी वाढले आहे; हा यकृताचाच आजार आहे का?

प्रश्न : गोदाकाठची

नमस्कार. आमच्या घरी, नाशिकला गंगापूर रोडला, सात वर्षांचा लुटिनो (फिकट पिवळ्या रंगाचा) कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, आहे. अंगाने पिवळा म्हणून मुलांनी त्याचे नाव हळद्या ठेवले. तो नर असल्याचे दुकानदाराने सांगितले होते आणि आजवर आम्ही तसेच धरून चाललो आहोत. लहानपणापासून त्याला सूर्यफुलाच्या बिया, करडई आणि थोडे राळे असा आहार मिळत आला आहे. त्याखेरीज संध्याकाळी सर्वांच्या बरोबरीने चार शेंगदाणे खाण्याची त्याला सवय लागली आहे. फळ किंवा भाजी दिली की तो ती चोचीने उचलून पिंजऱ्याबाहेर टाकतो. स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन १२८ ग्रॅम भरते.

गेल्या सहा महिन्यांत त्याची वरची चोच वाढून वाकू लागली. दुकानात नेऊन ती दोनदा कापून आणली. दुसऱ्या वेळी रक्त बराच वेळ थांबले नाही. चोचीवर आणि दोन नखांवर काळपट डाग दिसतात. तुऱ्याच्या मागे टक्कल आहे. विष्ठेतला जो भाग एरवी पांढरा असतो तो हिरवट पिवळा झाला आहे. या खोलीतून त्या खोलीत उडून गेला तरी धाप लागते आणि शेपटी वरखाली होते. अलीकडे सोफ्याखालच्या अंधारात जाऊन बसण्याचा छंदही त्याला लागला आहे. जुलैमध्ये आम्ही बजरीगर या छोट्या पोपटांची एक जोडी आणली. ती दोघे ठणठणीत आहेत.

शहरातील एका दवाखान्यात तीन दिवस छातीत प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली गेली आणि चौथ्या दिवशी रक्त तपासायला घेतले. अहवालात एसजीपीटी १८ आणि एसजीओटी ७६० आले आहे; ही रक्तातील दोन विकरे (एन्झाइम) आहेत. शेजारी छापलेल्या मर्यादा मात्र कुत्र्याच्या आहेत. त्यावरून यकृत खराब झाल्याचे सांगून लिव्हर टॉनिक लिहून दिले आणि बिया उद्यापासून पूर्ण बंद करण्यास सांगितले. एसजीपीटी कमी असताना यकृत खराब कसे, आणि कावीळ असेल तर डोळे पिवळे का दिसत नाहीत, हे मला समजलेले नाही. बायोप्सीसाठी मुंबईला न्यावे असे एका परिचितांनी सुचवले. धाप लागणाऱ्या पक्ष्याला घेऊन कसारा घाट उतरण्याची मला भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : पशुवैद्य, नाशिक रोड

नमस्कार ताई. पक्षी हातात घेतल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे खालील मजकूर आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने वाचावा. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून यकृताचा संशय घ्यायला भरपूर जागा आहे, पण आपल्या हातातील अहवाल तो संशय सिद्ध करत नाही. याचे कारण त्या तीन इंजेक्शनांमध्ये आहे.

एसजीपीटी हे कुत्र्यामांजरांत यकृताचे बऱ्यापैकी विश्वासाचे विकर आहे. पक्ष्यांत त्याचा यकृताशी असा खास संबंध नसतो आणि यकृत गंभीररीत्या बिघडले तरी ते वाढेलच असे नाही. म्हणून अहवालातील तो १८चा आकडा चांगला की वाईट या चर्चेतच पडू नये. एसजीओटी पक्ष्यांत उपयोगाचे आहे, मात्र ते यकृताप्रमाणेच स्नायूंतही असते. छातीच्या स्नायूत सलग तीन दिवस सुई टोचली आणि चौथ्या दिवशी रक्त घेतले, तर ७६० पैकी किती यकृतातून आले आणि किती छातीतून, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी त्याच नमुन्यात सीपीके हे आणखी एक विकर पाहावे लागते, कारण सीपीके स्नायूंना इजा झाली की वाढते आणि यकृताच्या इजेने वाढत नाही. यातही एक खोच आहे. सीपीके काही दिवसांत खाली येते, एसजीओटी मात्र त्याहून बराच काळ रेंगाळते. त्यामुळे इंजेक्शनानंतर आठवड्याभराने तपासणी केली तर सीपीके सामान्य आणि एसजीओटी चढे असे चित्र दिसून यकृताला विनाकारण दोषी ठरवले जाऊ शकते. माझा सल्ला असा की पक्षी स्थिर असेल तर स्नायूत एकही इंजेक्शन न देता तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग एसजीओटी, सीपीके व बाइल ॲसिड (पित्तातील आम्ले) एकत्र तपासावे.

यांतले बाइल ॲसिड सर्वांत महत्त्वाचे. एसजीओटी पेशी फुटल्याचे सांगते. यकृत आपले काम करते आहे की नाही हे सांगत नाही. चरबीने किंवा तंतूंनी भरलेल्या जुनाट यकृतात फुटण्याजोग्या पेशीच थोड्या उरतात, तेव्हा एसजीओटी अगदी शांत असू शकते. पित्तातील आम्ले आतड्यातून परत रक्तात येतात आणि निरोगी यकृत ती उचलून घेते. ती रक्तात साठलेली आढळली तर यकृताची कार्यक्षमता घटली आहे असे म्हणता येते, आणि स्नायूंच्या इजेचा या आकड्याशी संबंध नसतो. प्रयोगशाळा पक्ष्यांच्या मर्यादा देते ना, एवढे आधी विचारून घ्यावे.

रक्त किती घ्यायचे हाही प्रश्न आहे. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे १०० ग्रॅमला १ मिलिलिटर, ही वरची मर्यादा मानतात. हळद्याचे वजन चरबीमुळे वाढलेले असल्याने हिशेब १२८ ग्रॅमवर करू नये; तो आजारीही आहे. अर्धा मिलिलिटर पुरेसे आहे. चोच कापल्यावर रक्त लवकर थांबले नाही, हे मात्र रक्त घेणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतातच तयार होतात. चोचीवरचे आणि नखांवरचे काळे डाग हे बहुधा आतल्या आत झालेले छोटे रक्तस्राव असावेत. चोच यापुढे दुकानात कापू नये.

आता काविळीविषयी. आपल्या शरीरात जुन्या तांबड्या पेशींपासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळे बिलिरुबिन बनते. पक्ष्यांत हे दुसरे रूपांतर घडवणारे विकर जवळजवळ नसते, म्हणून त्यांच्या पित्ताचा मुख्य रंग हिरवाच राहतो. यकृत बिघडलेल्या पक्ष्याचे डोळे सहसा पिवळे होत नाहीत. तो रंग विष्ठेतल्या पांढऱ्या भागात उतरतो, आणि आपण नेमके तेच पाहिले आहे. पिंजऱ्यात वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद घालावा आणि रोज सकाळी छायाचित्र घ्यावे. पालक किंवा रंगीत पेलेट (पक्ष्यांचे तयार गोळीखाद्य) खाल्ल्याने विष्ठेचा गडद भाग रंगतो, त्याची यात गल्लत करू नये.

तुऱ्यामागचे टक्कल यादीतून वगळावे. लुटिनो कॉकाटीलमध्ये ते आनुवंशिक असते. चोच वाढण्यालाही यकृताशिवाय इतर कारणे असतात; खरजेचे सूक्ष्म किडे, जुनी जखम वगैरे. सोफ्याखाली बसण्याचा उल्लेख मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटला. लुटिनोत नर आणि मादी चेहऱ्याच्या रंगावरून ओळखणे अवघड असते. अंधारी बंदिस्त जागा शोधणे हे मादीच्या अंडी घालण्याच्या तयारीचे लक्षण असू शकते, आणि त्या काळात अंड्यातील बलकासाठी यकृत मोठ्या प्रमाणात चरबी तयार करते. तेलबियांवर वाढलेल्या लठ्ठ मादीचे यकृत अशा वेळी चटकन चरबीने भरते. पिसावरून डीएनए तपासणी करून घ्यावी, फार खर्चिक नसते.

क्ष-किरण चित्रात वरून पाहिल्यास हृदय आणि यकृताची छाया मिळून निरोगी पोपटवर्गीय पक्ष्यात मधे कंबर असलेल्या डमरूसारखी दिसते. यकृत वाढले की कंबर नाहीशी होते. पोटात पाणी किंवा अंडे असले तरीही ती नाहीशी होते, म्हणून सोनोग्राफीची जोड लागते. चित्रासाठी पक्ष्याला उताणे करावे लागते. धाप असल्यास आधी प्राणवायू देऊन, थोडक्यात आटोपावे. बायोप्सीने चरबी, जंतुसंसर्ग, तंतुमयता यांतला फरक नक्की कळतो हे खरे, परंतु ज्याचे रक्त थांबत नाही त्याच्या यकृताचा तुकडा काढण्यापूर्वी के जीवनसत्त्व देऊन गोठणे सुधारावे लागते. आज तरी घाट उतरण्याची गरज मला दिसत नाही. बाइल ॲसिड वाढलेले निघाले आणि सहा ते आठ आठवड्यांच्या उपचारांनी फरक पडला नाही, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवण्याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नये. जुलैमध्ये नवे पक्षी आले आहेत. सिटॅकोसिस हा क्लॅमिडिया जिवाणूचा आजार यकृताला सूज आणतो, विष्ठा हिरवी करतो आणि माणसालाही होतो. वरून धडधाकट दिसणारा बजरीगर तो बाळगून असू शकतो. तीनही पक्ष्यांची तीन ते पाच दिवसांची विष्ठा एकत्र करून पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करावी, कारण जिवाणू रोज बाहेर पडत नाहीत. आधी दिलेल्या प्रतिजैविकामुळे अहवाल फसवा येण्याची शक्यता आहे, हे प्रयोगशाळेला कळवावे. पिंजरा कोरडा झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावा, तोंडाला मास्क लावावा. घरात कोणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला असेल तर त्यांच्या डॉक्टरांना पक्ष्यांविषयी सांगावे. आजार निघालाच तर डॉक्सिसायक्लिन साधारण ४५ दिवस चालते. ते तोंडावाटे देत असताना पिंजऱ्यातला समुद्रफेस काढून ठेवावा लागतो, कारण त्यातील कॅल्शियम औषधाला आतड्यातच बांधून ठेवते.

शेंगदाणे आजपासून बंद. पावसाळ्यात डब्यात साठवलेल्या दाण्यांवर बुरशी धरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष थेट यकृतावर हल्ला करते. हे विष जगाला कळले तेच पक्ष्यांमुळे: १९६०मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की मेल्या आणि शोध घेतल्यावर कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. दाणे भाजल्याने विष पुरते जात नाही.

उत्तर : उपनगरकर

डॉक्टरांनी बिया बंद करण्याविषयी लिहिलेले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या कॉकाटीलला यकृतात चरबी असल्याचे निदान झाले तेव्हा मलाही बिया एका दिवसात बंद करण्यास सांगितले गेले होते. मी पेलेटची वाटी ठेवली आणि तिच्यातला भुगा पाहून तो खातो आहे असे समजलो. तो पेलेट फक्त चोचीने कुस्करत होता. पाच दिवसांत त्याचे वजन ९८ वरून ८४ ग्रॅमवर आले आणि तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसला. नंतर दवाखान्यात नळीने भरवून त्याला सावरावे लागले. उपाशी पक्षी अंगातली चरबी मोडतो, ती बरीचशी यकृताकडे जाते, आणि आधीच भरलेले यकृत आणखी भरते, हे मला तेव्हा कोणी समजावले नव्हते.

दुसऱ्या खेपेला आम्ही अडीच महिने घेतले. सकाळी पहिल्या विष्ठेनंतर, दाणे देण्यापूर्वी, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. सूर्यफूल आणि करडई कमी करून त्यांच्या जागी राळे आणि बाजरीचे कणीस वाढवायचे, कारण सोललेल्या सूर्यफुलात जवळजवळ निम्मे तेल असते. मोड आलेले मूग ओलसर असतानाच त्यांवर पेलेटची पूड भुरभुरायची. त्याने पहिला खरा घास कशाचा घेतला असेल तर कोथिंबिरीच्या जुडीचा, तीही पिंजऱ्याच्या छताला उलटी टांगलेली. वाटीत ठेवलेली कोथिंबीर तो ढुंकून पाहत नसे.

उत्तर : पशुवैद्य, नाशिक रोड

उपनगरकरांचे म्हणणे मी माझ्या उत्तरातच लिहायला हवे होते. आजारी पक्ष्याने आधी खाल्ले पाहिजे, मग ते काय असावे याचा विचार. तो आज फक्त बियाच खात असेल तर आज बियाच द्याव्यात आणि बदल तब्येत स्थिरावल्यावर सुरू करावा. लठ्ठ पक्ष्याचे वजन हळूहळू उतरावे, आठवड्याला दोन-तीन ग्रॅम पुरेत. आपल्या पक्ष्याने काही दिवसांतच दहा टक्के वजन गमावले तर आहारबदल थांबवून दवाखाना गाठावा. नुसत्या बियांत तेल जास्त हा एकच दोष नाही. यकृतातून चरबी बाहेर वाहून नेण्यासाठी लागणारे कोलीन आणि मिथिओनिन त्यांत अपुरे असते, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही फार थोडे.

औषधांबद्दल थोडक्यात. लॅक्टुलोज आतड्यातला अमोनिया कमी करण्यासाठी देतात. सिलिमरिन, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड ही औषधेही वापरली जातात, मीही वापरतो, परंतु ती आहाराच्या जागी नव्हेत, आहाराच्या सोबतीला. माणसांचे सिरप देऊ नये. काहींत अल्कोहोल असते आणि सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला एक थेंब चुकला तरी चूक मोठी ठरते. लिव्हर टॉनिकने नुकसान होईलच असे मी म्हणत नाही. टॉनिक चालू आहे म्हणून शेंगदाणे चालू राहतात, ते नुकसान मात्र मी वारंवार पाहिले आहे.

उत्तर : सशांचे घर

विषय पक्ष्यांचा आहे, तरी विचारतो. आमची चार वर्षांची मादी ससा चांगली जाड आहे. दोन दिवस पाहुण्यांच्या गडबडीत तिने काहीच खाल्ले नव्हते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. उपाशी राहिल्याने यकृतात चरबी भरते हे सशालाही लागू आहे का? पुढच्या महिन्यात तिच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्यास सांगितले आहे.

उत्तर : पशुवैद्य, नाशिक रोड

पक्ष्यापेक्षाही जास्त लागू आहे. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे भूल देण्यापूर्वी त्याला कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारणच नसते; तोंडातला घास संपावा इतका थोडा वेळ पुरतो. आपल्या शल्यचिकित्सकांशी याविषयी पुन्हा बोलावे. जाड ससा एक दिवस जेवला नाही तरी मी ती तातडीची बाब समजतो. घरच्या घरी एक अंदाज घेता येतो: मधुमेहींसाठी औषधांच्या दुकानात मिळणारी कीटोन आणि पीएच दाखवणारी लघवीची पट्टी. सशाची लघवी स्वभावतः अल्कधर्मी असते. ती आम्लधर्मी झाली आणि कीटोन दिसले, तर शरीर चरबीवर जगू लागले आहे असे समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

सशात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कालपर्यंत नीट खाणारा ससा अचानक खायचा थांबला, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि सगळे नुसते गॅसचे औषध देत राहिले, तर यकृताच्या पाळीला पीळ पडला असण्याची शक्यता तपासावी; डॉपलर सोनोग्राफीत ती कळते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. लहान पिल्लाचे पोट मोठे, पाठ मात्र हाडकुळी असेल तर लेंड्यांची तपासणी आयमेरिया स्टीडे या परजीवीसाठी करावी, जो पित्तनलिकांत वाढतो. बाकी, चांगले वाळलेले गवत भरपूर द्यावे. आपल्याकडे लसूणघास सहज मिळतो म्हणून तोच मुख्य आहार करू नये. गणपतीत उरलेल्या दूर्वांच्या जुड्या मात्र स्वच्छ धुऊन खुशाल द्याव्यात.

प्रश्नकर्तीचे पुन्हा उत्तर : गोदाकाठची

सर्वांचे आभार. दोन महिन्यांनी लिहिते आहे. तिन्ही पक्ष्यांची सिटॅकोसिसची पीसीआर निगेटिव्ह आली. प्रतिजैविक संपून पाच आठवडे झाल्यावर ती पुन्हा केली, तीही निगेटिव्ह आली. तीन आठवड्यांनंतरच्या रक्तात सीपीके पक्ष्यांच्या मर्यादेत, एसजीओटी ५४० आणि बाइल ॲसिड १४८ आले. प्रयोगशाळेने त्याची वरची मर्यादा ८५ दिली होती. म्हणजे थोडा दोष छातीचा होता आणि बराचसा यकृताचाच निघाला. सोनोग्राफीत यकृत मोठे आणि पांढुरके दिसले, पोटात पाणी किंवा अंडे नाही. आणि हळद्या मादी आहे. मुले अजूनही तिला हळद्याच म्हणतात.

डॉक्टरांनी बायोप्सी तूर्त पुढे ढकलली आहे. तिची अंडी घालण्याची तयारी थांबावी म्हणून सोफ्याखालची जागा पुठ्ठा लावून बंद केली, संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर टाकून सकाळी सातला काढतो. सूर्यफूल आता दिवसाला आठ बिया, त्याही हातातून, वजनकाट्यावर येऊन बसल्याचे बक्षीस म्हणून. पेलेटची पूड लावलेले मूग ती खाते. कोथिंबीर उलटी टांगूनही खात नाही, मेथी मात्र खाते. काल सकाळी वजन ११९ ग्रॅम भरले. कागदावरचा पांढरा भाग आठवड्यातले चार-पाच दिवस पांढरा असतो, उरलेले दिवस फिकट हिरवा. पुढची रक्ततपासणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

एकच शंका. निफाडचा पारा उतरू लागला आहे आणि आमच्याकडेही पहाटे गारठा असतो. ऊब मिळावी म्हणून पिंजऱ्याजवळ रात्रभर दिवा लावला तर बारा तासांचा अंधार मोडतो.

उत्तर : पशुवैद्य, नाशिक रोड

दिवा नको. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. तो पिंजऱ्याच्या बाहेर, एकाच बाजूला लावावा, म्हणजे तिला गरम वाटल्यास दुसऱ्या बाजूला सरकता येईल. त्या बाजूचे तापमान तिच्या बसण्याच्या दांडीजवळ मोजावे आणि २९-३० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. हीटरवर नॉनस्टिक तव्यासारखा थर नाही याची विकत घेतानाच खात्री करावी. असा थर फार तापल्यावर निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारते. जानेवारीत रक्त देताना आठवड्याच्या वजनांची वही सोबत आणावी.